चंद्रभागाबाईंचं उळं

सासूबाईंचा, चंद्रभागाबाईंचा, दहावा उरकून घरी आल्यावर लताबाईंनी साखरेसाठी फळीवर हात घातला आणि चुकून शेजारचा डबा उघडला. काळ्या तिळांचा डबा काठोकाठ भरलेला होता. मग नदीवर नेलं ते काय?

नेलं होतं ते सासूबाईंचं उळं, म्हणजे कांद्याचं बी. डबे सारखे, दाणे दोन्हींतले काळे. सकाळच्या घाईत गुरुजींपुढे नको तो डबा गेला. चाळीस भाऊबंदांनी, त्यांच्या बायकांनीसुद्धा, ते ओंजळीत घेऊन तिलांजली दिली आणि उरलेलं सावळीरामनं, लताबाईंच्या नवऱ्यानं, आईच्या नावानं पाण्यात सोडलं. एरवी लासलगावच्या मार्केटात ट्रॉलीकडे नुसतं बघून मालाची पारख करणारी ही मंडळी! त्या दिवशी एकाचीही नजर धड चालली नाही.

चंद्रभागाबाई चौदाव्या वर्षी येवल्याकडून नांदायला आल्या त्या ओटीत हे बी घेऊन. सत्तर वर्षं त्यांनी ते राखलं. दर काढणीला ढिगापुढे बसून बियाण्याचे कांदे त्या स्वतः निवडायच्या. मान बारीक हवी, कापल्यावर आत एकच डोळा, म्हणजे एकच गाभा हवा. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा मोरीच्या पाण्यावर त्यांनी एवढासा वाफा जगवला. नवरा गेला त्या वर्षी तेरावा होताच त्या बियाण्याच्या वाफ्याला पाणी भरायला गेल्या. बायकांनी नावं ठेवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या पाणी भरत राहिल्या.

घराच्या किल्ल्या त्यांनी सुनेला पाचव्या वर्षीच दिल्या. हा डबा मात्र तीस वर्षं दिला नाही. श्रावणात अंथरूण धरल्यावर दिला. "लते, आता तू बघ," एवढंच म्हणाल्या. लताबाईंना तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की त्या चुलीमागे जाऊन रडल्या होत्या. आणि महिन्याभरात त्यांनी ते बी नदीत घालवलं!

"पाकिटाचं आणू की," सावळीराम म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं. पण लताबाईंना पाकीट नको होतं.

शेवटी त्या शेजारच्या वस्तीवर गेल्या. तिथं साळूबाई राहायच्या, चंद्रभागाबाईंची धाकटी जाऊ. बांधावरून दोघींचा अकरा वर्षं अबोला होता. साळूबाईंच्या वावरातही तसाच बारीक मानेचा कांदा यायचा. त्या आपलं बी वेगळं धरत असतील, असं लताबाई समजून होत्या.

"काकू, माझ्या हातून लय वाईट झालं," म्हणत त्यांनी सगळं सांगितलं.

साळूबाई आधी बघतच राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अगं, म्हणजे मीबी उळंच सोडलं का? जाऊबाई आता वर जाऊन कांदे लावंल!"

हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उतरंडीमागून चंद्रभागाबाईंच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली एक पुरचुंडी काढून लताबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"तुमच्याकडं कसं हे?"

"दरसाल दसरा झाला का बांधावर ठेवून जायची. हाक मारायची नाय. ती गेली का मी उचलायची. मीबी कधी हाक मारली नाय."

"पण यंदा तर दसरा अजून यायचाय."

"यंदा आखाडातच ठेवलं." साळूबाईंचा आवाज फुटला. "मला वाटलं, म्हातारीला तिथीचं भान राह्यलं नाय. तिला समदं कळत व्हतं गं. मलाच कळलं नाय. तव्हाच जायला पायजे व्हतं मी."

लताबाईंनी त्यांचा हात धरला.

मग साळूबाईंनी पुरचुंडी सोडली, निम्मं बी लताबाईंच्या पदरात ओतलं आणि डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुढल्या सालापासून माझा वाटा बांधावर ठेवत जा."

"नाय ठेवणार," लताबाई म्हणाल्या. "घरी आणून देईन. चहा घेतल्याबिगर जायची नाय."