पाण्याचा थेंब हलला नाही तेव्हा

"बाळाला उचलताना गुडघे वाकव गं, कंबर नको," असं सासूबाईंनी तिला तीनदा सांगितलं होतं. "हो आई, कळतं मला," म्हणत ती पाळण्यावर तशीच ओणवी होत राहिली. बाळ आठ महिन्यांचं असताना एका सकाळी ती वाकली आणि तिला सरळच होता येईना. मग बाळाने हात वर केले की ही नुसती बघत राहायची. उचलून मांडीवर द्यायला दुसरं कोणीतरी लागायचं. अशी ती आमच्या दवाखान्यात आली.

मित्रांनो, मी तिथला अल्ट्रासाउंडचा एक जुना डबा आहे. पोटातलं बाळ दाखवतो तो नव्हे. तो म्हणजे आमच्यातली बडी असामी. मी कानाला ऐकू न येणारा आवाज दुखऱ्या स्नायूंत सोडतो. कारखान्यातून आलो तेव्हा चकचकीत होतो. चौदा वर्षं चाकांच्या टेबलावर बसून कमरा, खांदे, टाचा पाहिल्या.

आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई आधी हातांनी तिची कंबर सैल करत, व्यायाम करून घेत आणि शेवटी जेल लावून पाच मिनिटं माझं वायरीला जोडलेलं गोल डोकं कमरेवर फिरवत. कौतुक मात्र माझंच!

"ताई, हात कमी लावा, पण मशीन जरा जास्त वेळ फिरवा ना."

"मशीनच घरी घेऊन जा, बाळही सांभाळेल!"

दर सोमवारी ताई माझ्या त्या डोक्यावर पाण्याचा थेंब ठेवत. आवाज निघत असेल तर थेंब थरथरतो. गर्दीमुळे दोन सोमवार ते राहून गेलं आणि नेमकी तेव्हाच माझ्या आतली एक तार तुटली. दिवा लागायचा, घंटी वेळेवर वाजायची, पण मी मुका होतो. ती "किती बरं वाटतंय!" म्हणाली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या सोमवारी थेंब हललाच नाही. ताईंचा चेहरा उतरला. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. पण ती येताच त्यांनी सांगून टाकलं.

"म्हणजे दोन आठवडे नुसतं थंडगार जेल?"

"हो. चुकलं माझं."

"अहो, पण मी आता मोजे स्वतः घालते!"

"हातांनी थोडं सैल झालं, व्यायाम तुम्ही नेमाने केलात, मधे वेळही गेला. कशाचा वाटा किती, ते छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण मशीन चालू असलं तरी कंबरदुखीत त्याचा फारसा उपयोग दिसत नाही, असंच अभ्यास सांगतात."

ती घाबरली. "मग मशीनशिवाय उचलता येईल मला बाळाला?"

"आत्ताच बघू."

सोबत आलेल्या सासूबाईंनी बाळाला चटईवर ठेवलं. ताईंनी शिकवलं होतं तशी ती खाली बसली, बाळाला छातीशी धरलं आणि हळूच उठली.  बाळाने लगेच तिचे केस ओढले.

मी ताईंच्या हातांचे मनोमन आभार मानले. माझ्या मुकेपणाचं ओझं त्यांनी निमूट वाहिलं होतं. आता माझी तार जोडली आहे. काम कमी मिळतं, पण खोट्या कौतुकापेक्षा हे बरं.

त्या दिवशी निघताना तिने ताईंचा हात हातात घेतला, तशा ताई कळवळल्या.

"काय झालं?"

"काही नाही हो. दिवसभर दाबून दाबून अंगठा ठणकतो."

चौदा वर्षांत ताईंना हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दुसऱ्याची पाठ चोळून देत असेल, तर आज त्यांच्याजवळ जा. त्यांचे हात हातात घ्या आणि दुखतात का, ते विचारा.