दिवस कुठून मोजायचे

मी एक जुनी तबकडी आहे. गाण्याची नव्हे हं! गाण्याची समजून कोणी मला फिरवायला गेलं, तर जन्मात एक सूर निघायचा नाही. मी पुठ्ठ्याची आहे. खाली मोठी गोल चकती, तिच्या कडेला वर्षाचे सगळे दिवस. वर लहान चकती, तिच्यावर एक ते चाळीस आठवडे. दोघींच्या मधोमध एक पितळी खिळा. बाईच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, ते विचारायचं, माझा पहिला बाण त्या तारखेवर आणायचा, की चाळिसाव्या आठवड्याचा बाण बाळाच्या तारखेवर जाऊन उभा राहतो. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, त्या एवढ्याशा कामाचा मला किती ताठा होता म्हणून सांगू!

मला एका छापखान्यातल्या चित्रकाराने आखलं. जाड भिंगाचा चष्मा लावून, नाक कागदाला टेकवून तो एकेक रेघ मारायचा. माझे बाण त्याने लालभडक केले. शेवटी दुसऱ्या आठवड्याच्या टोकाशी त्याने एक निळा थेंब काढला आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘बीज सुटते’.

मालक म्हणाले, “अहो, हे कोण वाचणार? उगाच गिचमीड.”

“राहू द्या हो,” चित्रकार म्हणाला. “खरी सुरुवात तर तिथंच आहे.”

मालकांनी खांदे उडवले आणि थेंब राहिला. मलाही तो आवडत नव्हता. लाल बाणांच्या शेजारी तो निळा ठिपका म्हणजे नव्या कपड्यावर शाई सांडल्यासारखा वाटायचा.

औषध कंपनीच्या माणसाने मला एका प्रसूतिगृहात आणलं आणि मी सिस्टरांच्या खिशात गेले. सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या परिचारिका. बोलणं फटकळ, चालणं तुरुतुरु आणि हात मात्र कापसाचे. वीस वर्षं मी त्यांच्या खिशात थर्मामीटरच्या शेजारी काढली. बाई समोर बसली की सिस्टर मला बाहेर काढत, बोटाने टिचकी मारल्यासारखी फिरवत आणि तारीख सांगत. त्या तारखेवर नवरे रजा टाकत, आज्या दुपटी शिवायला घेत. खरं सांगायचं तर शंभरातली चार-पाच बाळंच माझी तारीख पाळतात, बाकीची आपल्या मर्जीची मालक. पण एखादं बरोबर त्या दिवशी आलं की सिस्टर मला थोपटून म्हणत, “बघा, माझी तबकडी बोलली!” मग दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नसत. तसे मला पाय नाहीतच, ते सोडा.

पुढे सोनोग्राफीचं मशीन आलं. ते काळ्या पडद्यावर पोटातलं बाळ दाखवायचं आणि कागदावर आकडा छापून द्यायचं. मग फोनही तारखा सांगू लागले. मला कोण विचारतो? मी टेबलाच्या खणात गेले. कधी बाहेर यायचे ती चहाचा कप ठेवण्यापुरती. नवव्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत माझ्या अंगावर कपाचा गोल वळ उठला, तो आजही आहे. खिळा ढिला झाला. मी रुसले, पण खणात रुसून दाखवायचं कोणाला?

एके दिवशी सकाळी शिवणकाम करणारी एक तरुण बाई, तिचा नवरा आणि सासू तपासणीला आले. नवरा जहाजावर इंजिनाचं काम करायचा आणि सात महिन्यांनी घरी आला होता. मशीनने कागद दिला. सिस्टर हसून म्हणाल्या, “सहा आठवडे दोन दिवस. अभिनंदन!” तिघंही पेढा मिळाल्यासारखी खुशीत गेली, असं मला खणातून वाटलं.

दुपारी तिघं परत आली. शिवणारीच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि डोळे लाल होते. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या. खोलीत सिस्टर एकट्याच.

सासूबाईंनी कागद टेबलावर ठेवला. “सिस्टर, आम्ही अडाणी नाही. माझा मुलगा घरी आला त्याला आज बत्तीस दिवस झाले. म्हणजे चार आठवडे आणि चार दिवस. या कागदावर सहा आठवडे दोन दिवस आहेत. वरचे बारा दिवस कुठून आले?”

नवरा खाली मान घालून उभा होता. आठ दिवसांनी त्याला पुन्हा जहाजावर जायचं होतं. तो एवढंच म्हणाला, “मशीन चुकलं असेल तर तसं सांगा. मला खरं काय ते कळू द्या.”

वीस वर्षांत मी बायकांना हसताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण अशी संसाराची पिशवी भरून उभी असलेली बाई पाहिली नव्हती.

“अहो, मशीन तसंच मोजतं,” सिस्टर म्हणाल्या.

“तसंच म्हणजे कसं?” सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी चित्र काढून दाखवायला पेन शोधत खण ओढला आणि त्यांच्या हाताला मी लागले. त्यांनी मला पदराने पुसलं, टेबलावर ठेवलं आणि ढिला खिळा घसरू नये म्हणून मध्यावर अंगठा दाबून धरला.

“पाळी कधी आली होती ते सूनबाईंनी सकाळी सांगितलंय. आज चव्वेचाळीस दिवस झाले त्याला.” बाण त्या तारखेवर आला. “आता मला सांगा आजी, पाळी चालू झाली त्या दिवशी हिच्या पोटात कोण होतं?”

“कोण असणार? कोणी नाही.”

“तरी सगळे डॉक्टर इथूनच मोजतात. बीज कधी सुटलं ते बाईला दिसत नाही, पाळी कधी आली ते दिसतं. म्हणून मोजणी दिसणाऱ्या दिवसापासून. मशीन बाळाची लांबी मोजतं आणि हे पहिले दोन आठवडे आपले आपणच त्यात धरतं.”

मग सिस्टरांनी ते सगळं सांगितलं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी इतकं सावकाश कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. बाईच्या ओटीपोटात दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोष असतात. महिन्याला त्यातलं बहुधा एकच बीज पिकतं. साधारण चौदाव्या दिवशी ते बाहेर पडतं आणि शेजारच्या नळीची झालर त्याला अलगद आत घेते. ते जेमतेम एक दिवस टिकतं. तेवढ्यात पुरुषाचा शुक्रजंतू भेटला तर दोघांची मिळून एक पेशी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशी दाणेदार गोळी होत ती नळीतून पुढे सरकते. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भपिशवीत पोचते आणि आतल्या मऊ अस्तरात रुतून बसते. “पिशवी दर महिन्याला पाहुण्यासाठी अंथरूण घालते,” सिस्टर म्हणाल्या. “पाहुणा आला नाही की अंथरूण काढून टाकते. तीच पाळी. या वेळी पाहुणा आला. आज मसुराच्या दाण्याएवढा आहे आणि सकाळी त्याचं काळीज धडधडताना आपण पाहिलं.”

सासूबाईंचा पदर तोंडावर गेला. “दोन पोरं वाढवली मी पोटात. हे मला कोणीच सांगितलं नाही गं बाई! आम्ही आपलं म्हणायचो, दिवस गेले. कुठून गेले ते विचारलंच नाही कधी.”

नवरा पुढे आला. सिस्टरांच्या अंगठ्याशेजारी त्याने आपलं बोट ठेवलं आणि बाणापासून एकेक दिवस मोजत निघाला. बाराव्या दिवशी थांबला. तो घरी आला तो दिवस. आणखी दोन दिवस, आणि तिथे होता माझा निळा थेंब. वाकून, डोळे बारीक करून त्याने ती मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचली. “बीज सुटते.”

“एक-दोन दिवस इकडेतिकडे होतात हां,” सिस्टर म्हणाल्या. “ही तबकडी आहे, देव नव्हे.”

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. ज्या ठिपक्याची मला लाज वाटायची त्याने एक घर वाचवलं होतं!

तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली शिवणारी बोलली. “सकाळपासून मी गळा फाटेपर्यंत सांगत होते. ते नाही पटलं तुम्हाला. पुठ्ठ्याचं पटलं.”

माझा ताठा खाडकन उतरला. मी खरी ठरले खरी, पण तिच्या शब्दाला माझ्या साक्षीची गरज का पडावी?

नवऱ्याचे कान लाल झाले. “चुकलो मी,” तो म्हणाला.

“मी चार दिवस आईकडे जाऊन येते. भांडून नाही जात. पण आज मला तिथंच झोप लागेल.”

त्याने मुकाट्याने पिशवी उचलली. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “थांब, मीही येते सोडायला. विहीणबाईंना काय ते मीच सांगितलं पाहिजे. जीभ माझी सुटली होती.”

त्या दिवसापासून सिस्टर प्रत्येक कागदावर आकड्याशेजारी हाताने एक ओळ लिहितात, ‘मोजणी शेवटच्या पाळीपासून. बाळ याहून दोन आठवड्यांनी लहान.’ डॉक्टरबाई म्हणाल्या, हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं.

पुढच्या तपासणीला शिवणारी सुई-दोरा आणि शर्टाचं एक पांढरं बटण घेऊन आली. “सिस्टर, हिचा खिळा ढिला आहे. उद्या कोणाची तरी तारीख घसरायची.” तिने खिळा काढला, बटण लावलं, चार टाके घालून गाठ मारली. तेव्हापासून मी घसरत नाही.

ते बाळ माझ्या तारखेला आलं नाही. पाच दिवस उशिरा आलं. मुलगी झाली. बाप तेव्हा समुद्रावर होता आणि फोन सिस्टरांनी घेतला. मला वाटलं, आता हा तारीख विचारणार, आणि माझी फजिती होणार.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर कप ठेवू नका, त्यांच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा, एवढं तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं त्या दिवशी मी फोनवर ऐकलं. त्याने तारीख विचारली नाही. मुलगा की मुलगी, तेही विचारलं नाही.

“सिस्टर,” तो म्हणाला, “ती काय म्हणतेय? तिला फोन द्या ना. मला तिच्या तोंडून ऐकायचंय.”