सोनेरी कडांची कादंबरी

मित्रांनो, काचेच्या कपाटात वरच्या फळीवर निळ्या चामड्याची, सोनेरी कडांची एक जुनी कादंबरी दिसते ना, ती मी. पाहुणे माझ्यासमोर थबकतात, काय देखणी बांधणी आहे म्हणतात. तेव्हा मला जीव नकोसा होतो.

पूर्वी मी अगदी साधी होते. जाड पुठ्ठा, त्यावर खाकी कागद आणि पाठीला कापडाची पट्टी. माझ्यात नदीच्या दोन काठांवर राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट आहे. ती तेव्हाही जुनी आणि नावाजलेली होती. तिच्या हजारो प्रती निघाल्या, त्यांतली मी नुकतेच लग्न झालेल्या एका मुलीच्या हाती पडले.

तिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचायची सवय होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात पळी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. वाचता वाचता ती छापील ओळींच्या बाजूच्या कोऱ्या जागेत लिहायची. धाकटी बहीण घर सोडून निघते त्या पानावर तिने लिहिले, "अगं, जाऊ नकोस. पस्तावशील." पुढच्या वर्षी पुन्हा वाचताना त्याखाली लिहिले, "सांगितलं होतं." आणखी एका पानावर होते, "या प्रकरणापायी दूध उतू गेलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बरं वाटलं."

पन्नास वर्षांत माझ्या सगळ्या कडा तिच्या बारीक अक्षराने भरून गेल्या. मग ती विसरू लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गल्ली, मग लेकीचे नाव. पण स्वतःचे अक्षर ती विसरली नाही. रोज दुपारी लेक मला तिच्या मांडीवर ठेवायची. ती कडेवरून बोट फिरवत वाचायची, सासूबाईंच्या ओळीला खुदकन हसायची आणि मान वर करून म्हणायची, "अगं, तू कधी आलीस?" लेक दिवसभर त्या एका वाक्याची वाट पाहायची.

पण माझी शिवण उसवली होती. पाने गळत होती. म्हणून लेक मला एका बाइंडरकडे घेऊन गेली. एका खोलीचे दुकान, खळीचा वास, खिडकीशी मोठे टेबल. ती म्हणाली, आईला ही रोज लागते, टिकेल असे काहीतरी करा.

बाइंडर म्हातारा होता आणि हाताचा कसबी. माझी गोष्ट त्याने तरुणपणी वाचली होती. "ताई, एवढी मोठी गोष्ट आणि अंगावर हे कपडे?" तो म्हणाला. "हिला अशी नटवून देतो की बघत राहाल." लेक खूश झाली. खोटे कशाला सांगू, मीही हरखले.

आठ दिवस तो नुसती चित्रे काढत होता. तीन फाडली, चौथे ठेवले. निळ्या चामड्यात पांढऱ्या चामड्याची बारीक नदी, मागच्या पुठ्ठ्यावरून निघून पाठीवरून पुढे येणारी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन लाल ठिपके. दोन काठांवरचे दोन दिवे. माझे एकेक पान त्याने आईच्या मायेने शिवले. कडांना सोनेरी वर्ख लावायचे त्याने ठरवले होते. वर्ख बसायचा तर कडा एकसारख्या कापाव्या लागतात, आणि माझ्या झिजलेल्या कडा पार छापील ओळींजवळून कापाव्या लागणार होत्या. पेन्सिलीची अक्षरे त्याला दिसली होती. कुणा विद्यार्थ्याने गिरगटले असेल, असे त्याला वाटले. लेकीने त्याला काही सांगितले नव्हते. तिच्या लेखी ती अक्षरे म्हणजेच मी. ती कुणी कापून टाकील, हे तिच्या मनातही आले नाही.

कापायच्या यंत्राचे पाते तीनदा खाली आले. माझ्या वरच्या, खालच्या आणि बाहेरच्या कडेवर. तिची पन्नास वर्षे पट्ट्यापट्ट्यांनी रद्दीच्या पोत्यात पडली.

लेकीने मला घरी आणून आईच्या मांडीवर ठेवले. म्हातारीने नदीवरून हात फिरवला. मला उघडले. तिचे बोट कडेशी गेले आणि तिथेच राहिले. बरीच पाने उलटून तिने मला हळूच मिटले. "सुंदर आहे हो," ती म्हणाली. "पण ही कोणाची? त्यांची त्यांना देऊन ये. माझी आण."

लेकीने मला उघडले, तेव्हा कुठे तिला कळले. ती तशीच दुकानाकडे धावली. मी तिच्या हातातच होते. पोते त्याच सकाळी लगद्याच्या कारखान्यात गेले होते. बाइंडरने माझी दोन पाने पाहिली आणि तो स्टुलावर बसला. "मी कडा सरळ करत होतो, ताई," एवढेच तो बोलला.

म्हातारी काही दिवस "माझी आण" म्हणत राहिली. मग तेही थांबले. शेवटपर्यंत ती लेकीला "अहो बाई" म्हणाली. त्या घरात "तू कधी आलीस" पुन्हा कुणी ऐकले नाही.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू नीटनेटकी करायला घ्याल, तेव्हा आधी तिच्याजवळ थोडे बसा. तिच्यात ते माणूस नेमके कुठे आहे, ते विचारा. आणि तुमची वस्तू दुसऱ्याला सोपवाल, तेव्हा न विचारताही सांगा.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. एका पानावर बाहेरची जागा भरल्यामुळे तिने आत, शिवणीजवळ, एक ओळ लिहिली होती. तिथे पाते पोहोचले नाही. "आज लेकीचा पहिला दात दिसला. पुढचं वाचायचं राहिलं." ती ओळ अजून तशीच आहे. लेक आठवड्यातून एकदा कपाटाची काच पुसते. मला मात्र ती उघडत नाही.