वळणावरची किरकिर

"हां... आता! आता आवाज आला बघा," सिस्टर म्हणाली आणि तिने स्टीअरिंग डावीकडे वळवलं. "ऐकलंत ना, मेस्त्री?"

मेस्त्री शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. इंजिनची घरघर ऐकू येत होती, टायरखालची खडी ऐकू येत होती. त्यापलीकडे काही नव्हतं.

"पुन्हा वळवा."

तिने वळवली. "बारीक किरकिर आहे, रातकिड्यासारखी. सरळ रस्त्याला नाहीच. वळलं की सुरू."

पुन्हा काहीच नाही.

अख्खं गॅरेज त्याला कानसेन म्हणायचं. गाडी फाटकातून आत येत असतानाच, हातातला पाना खाली न ठेवता तो सांगायचा, पट्टा सैल झालाय, नाहीतर व्हॉल्व्ह वाजतोय. उघडून बघितलं की तेच निघायचं. पण गेल्या हिवाळ्यापासून काहीतरी बिनसत चाललं होतं. घरी दाराची बेल वाजून वाजून थांबायची आणि बायको ओल्या हातांनी आतून धावत यायची. "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" लक्ष तिथंच असायचं. तिला काय सांगणार? गॅरेजात तर तो कुणालाच काही कळू देत नव्हता. गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून अंदाज बांधायचा, वेळ मारून न्यायचा. आजवर निभावलं होतं.

सिस्टरने गॅरेजसमोर गाडी थांबवली. ती मोठ्या दवाखान्यात नर्स होती आणि मेस्त्रीशिवाय कुणाला गाडीला हात लावू द्यायची नाही. मागच्या सीटवर तिची लेक खिडकीच्या काचेवर बोटाने चित्रं काढत बसली होती.

"आज घाट उतरून आईकडे जायचंय," सिस्टर म्हणाली. "तुम्ही काही नाही म्हणालात तर निघते. नाहीतर राहू दे."

चाक उचलून बघायला हवं होतं. मेस्त्रीला ते पक्कं ठाऊक होतं. पण जॅक लावला असता तर शेडमधली सगळी गोळा झाली असती. कानसेनला जॅक कशाला लागला?

"ब्रेकमध्ये खडा अडकला असेल," तो म्हणाला. "जाईल आपोआप. बिनधास्त जा."

"हुश्श! उगाच जिवाला घोर लागला होता."

गाडी गेली. मेस्त्री दुसऱ्या कामाला लागला, पण हात चालेना. सगळे जेवायला बसले तेव्हा शेडमधला टायरवाला सहज म्हणाला, "काय रे कानसेन, सिस्टरची गाडी तशीच सोडलीस? फाटकातून वळताना केवढी किंचाळत होती! मला वाटलं, चाकाचं बेअरिंग मागवलं असशील."

मेस्त्रीच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने सिस्टरला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. त्याने डबा तसाच ठेवला, स्कूटरला किक मारली. टायरवाला मागून काहीतरी ओरडला. काय, ते कळलं नाही.

घाटात ऊन पांढरंफटक पडलं होतं. प्रत्येक वळणावर तो आधी कठडा बघायचा, कुठे तुटलेला नाही ना, आणि मग रस्ता. एका वळणावर पाच-सहा माणसं कठड्याशी वाकून खाली बघत होती. स्कूटर कशीबशी उभी करून तो त्यांच्यापाशी गेला. खाली दरीत ढग उतरले होते. माणसं फोटो काढत होती.

तिथून पुढच्या वळणाला गाडी उभी होती. सरळ, चारही चाकांवर.

"हिला मळमळतंय म्हणून थांबत थांबत आले," सिस्टर म्हणाली. लेक दगडावर बसून पाणी पीत होती. "तुम्ही इथं कसे काय?"

मेस्त्री पुढच्या उजव्या चाकापाशी बसला. चाकाच्या मध्यावर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. भाजलं होतं. त्याने डिकीतला जॅक लावून चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. चाक लटपटलं, पडायला आलेल्या दातासारखं.

"बेअरिंग गेलंय. गाडी इथून हलवायची नाही. पुढच्या उतारात चाकच निसटलं असतं."

"पण तुम्हीच तर म्हणालात—"

"मला ऐकूच आलं नव्हतं, सिस्टर." तो चाकाकडे बघत बोलत होता. "हल्ली येतच नाही. बारीक आवाज तर अजिबात नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

त्याने मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा ती बोलली.

"माझी पोर आत बसली होती, मेस्त्री."

"हो."

ती गाडी ओढून नेणाऱ्याला फोन करायला बाजूला गेली. बेअरिंग कितपत झिजलंय ते कळावं म्हणून मेस्त्रीने चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं टेकवली आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवलं. बोटांना वाळू दळल्यासारखी थरथर जाणवली. कानाला मात्र नुसता वारा.

त्याने सहज दगडाकडे पाहिलं. पोरीने डोळे घट्ट मिटून दोन्ही कान हातांनी गच्च दाबून धरले होते.

त्याने तळवा लावून चाक थांबवलं, आणि तिचे हात खाली येईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.