स्थिर हात

दादाभाऊनं कार्ड तारेवरून उतरवलं आणि दारातल्या उजेडात धरलं. मधल्या काळ्या गोलाच्या पोटात छऱ्यांची सगळी भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटका डाग झाला होता. शेजारच्या जागेवरून कुंडलिकनं मान लांब करून पाहिलं आणि आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"राव, ह्ये तुमीच मारलंय नव्हं?"

"पिस्तुलाची मूठ बसली हाताला," दादाभाऊ म्हणाला. "दुसरं काय न्हाई."

तेजस्विनीही तेच म्हणाली. पिंपरी पेंढारच्या शिवारात तिच्या वडिलांची पोल्ट्री होती. त्यांनी धंदा बंद केल्यावर त्या लांबलचक शेडमध्ये तिनं हवेच्या पिस्तुलांचा नेमबाजी क्लब सुरू केला. ती स्वतः राज्याच्या संघातून खेळलेली होती. तालुक्यातली शाळकरी पोरं रोज यायची आणि रविवारी सकाळी ही पन्नाशीपुढची तीन माणसं: येडगावचा दादाभाऊ, तळेघरहून पहिली एसटी धरून येणारा कुंडलिक आणि ओतूरचे निवृत्त तलाठी धर्माजी. यंदा ज्येष्ठांच्या गटात या तिघांचा संघ पुण्याच्या स्पर्धेत उतरवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

दादाभाऊ जनावरांच्या दवाखान्यात परिचर होता. घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती, दिवाळी झाली की माणसं-मेंढरांचा वाडा कोकणात उतरायचा. सरकारी नोकरी धरणारा घरातला हा पहिलाच. पण कामाचं स्वरूप फारसं बदललं नव्हतं. डॉक्टर सुई टोचेपर्यंत जनावर धरून ठेवायचं, एवढंच त्यानं तीस वर्षं केलं. गाईची मान काखेत घेऊन तो उभा राहिला, की तिच्या अंगाची थरथर त्याच्या अंगात उतरायची. तेजस्विनीच्या घरी म्हशीच्या कासेचा आजार बघायला डॉक्टरांबरोबर तो पहिल्यांदा आला, तेव्हा शेडमधून टकटक आवाज येत होता म्हणून डोकावला. तिनं गमतीनं पिस्तूल हातात दिलं. पहिला छरा कार्डात नाही, मागच्या पोत्यात गेला. पुढच्या रविवारी तो कुणी न बोलावता आला.

बरीच वर्षं तो क्लबच्याच पिस्तुलावर खेळला. स्वतःचं घ्यायचं ठरलं तेव्हा तेजस्विनी त्याला पुण्याला घेऊन गेली. दुकानदारानं चकचकीत नवी पिस्तुलं पुढं मांडली. तिनं त्याला सांगितलं, "काका, रंग बघू नका. डोळे मिटा, हात उचला, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर ते तुमचं." एकाचं तोंड जड होतं, खाली झुकायचं. दुसऱ्याची माशी प्रत्येक वेळी डावीकडं पडायची. शेवटी कुणीतरी वापरून परत केलेलं, नळीवरचा रंग उडालेलं एक पिस्तूल त्यानं डोळे मिटून उचललं. डोळे उघडले तर माशी जवळजवळ जागेवर होती. त्यानं ते खाली ठेवलंच नाही.

राहिली ती मूठ. ती अक्रोडाच्या लाकडाची होती आणि लांब बोटांच्या कुणासाठी घडवलेली होती. दादाभाऊचा पंजा आखूड आणि रुंद. तेजस्विनीनं दाखवून दिलं तसं तो घरी कानस घेऊन बसू लागला. अंगठ्याखाली थोडं घासायचं, तळव्याच्या खळग्यात लाकडाची पुट्टी भरायची, ओली असताना मुठीत धरायची, वाळली की परत घासायची. चहात भुसा पडतो म्हणून आशानं, त्याच्या बायकोनं, त्याला ओट्यावरून उठवून गोठ्यात पाठवलं. तो तिथं बसला. घोटा उघडा राहील असे सपाट तळाचे बूट घेतले, कारण नियम तसा होता. डाव्या डोळ्यासमोर धरायची पांढरी पट्टी त्यानं लशीच्या खोक्याच्या झाकणातून कापली. चाप नियमाइतका जड आहे का, हे तेजस्विनीनं त्याला वजन टांगून पाहिलं आणि स्क्रू पाव फेरा फिरवला.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली होती, पण ती शेडमध्ये कुणाला माहीत नव्हती. एका बैलाला धरलेलं असताना दादाभाऊच्या छातीत अचानक धडधड सुरू झाली आणि तो भिंतीला टेकून बसला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ठोके मधूनच बेताल पळतात. त्यांनी एक बारीक गोळी लिहून दिली, दिवसातून तीनदा, न चुकता. दुखणं सांगत सुटायची त्याच्या घरात रीत नव्हती. आशाला माहीत होतं, तेवढं पुरे.

त्या रविवारी, ते कार्ड उतरवल्यावर, तिघं डबा खायला बसले. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती म्हणून दादाभाऊनं खिशातून पाकीट काढलं आणि तेजस्विनीकडं पाणी मागितलं. पाणी देताना तिची नजर पाकिटावर गेली. तिनं ते हातात घेऊन नाव वाचलं. मग त्याला जरा बाहेर यायला सांगितलं.

बाहेर शेवग्याखाली उभं राहून ती बोलली. ही गोळी नाडी सावकाश करते, हाताची थरथर थांबवते. म्हणूनच नेमबाजीत तिच्यावर बंदी आहे. इतर खेळांत धावणाऱ्याला ती उलट मागं खेचेल, पण इथं ती थेट नेमाला मदत करते. आजारासाठी सवलत मागता येते, पण आपल्या खेळात या गोळीला ती मिळत नाही म्हटलं तरी चालेल.

"ही छातीची गोळी हाय, ताई," दादाभाऊ म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही चूक काहीच केलेली नाही, काका."

त्यानं पायाखालची शेंगांची सालपटं बुटानं बाजूला सारली. मग त्यानं विचारलं, "मंग आत्ताचं ते कार्ड मी मारलं का गोळीनं?"

तेजस्विनीनं पाकीट त्याच्या हातात परत दिलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडं गेला आणि गोळी बदलून मागितली. खेळासाठी, हे सांगायला त्याला लाज वाटली, तरी सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरी गोळी देऊन पाहिली. आठवडाभरात, दवाखान्याच्या आवारात शेळी धरलेली असताना, त्याच्या डोळ्यांसमोर अंधार आला. शेळी सुटून पळाली आणि तो मातीत बसला. डॉक्टरांनी पहिली गोळी परत सुरू केली आणि आता हिच्यात बदल नाही, असं बजावलं.

आशानं दोन्ही बाजूंनी विचार केला होता. "गोळी सोडायची न्हाई," ती म्हणाली. "आन् खेळायचं बी सोडू नका. म्हाताऱ्यांच्या खेळात कोन तपासाया बसलंय?"

हे खरंच होतं. तेजस्विनीनंही नाइलाजानं कबूल केलं होतं, की ज्येष्ठांच्या गटात तपासणी झाल्याचं तिनं कधी ऐकलं नाही. ती त्याला खेळा म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही.

पुढच्या रविवारी दादाभाऊ सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचला. आपलं पिस्तूल त्यानं पेटीतून काढलंच नाही. कपाटातलं क्लबचं जुनं पिस्तूल घेतलं. त्याची मूठ शाळकरी पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेली, त्याच्या तळव्यात कुठंच न बसणारी. या पिस्तुलावर त्यानं आयुष्यात कधी धड कार्ड मारलं नव्हतं. त्यानं सावकाश पाच छरे सोडले आणि कार्ड ओढून आणलं. भोकं थोडी उजवीकडं सरकली होती, पण सगळी एकमेकांना चिकटून होती.

तेजस्विनी आली तेव्हा त्यानं ते कार्ड तिच्या हातात दिलं. कोणतं पिस्तूल, हे तिनं टेबलावर पाहिलं.

"मुठीचं न्हवतं ते, गोळीचं व्हतं," दादाभाऊ म्हणाला. "माजं नाव काढा."

कुंडलिकला हे कळलं तेव्हा तो चिडला. दोघांचा संघ होत नाही. तळेघरहून अंधारात निघून, फाट्यापर्यंत पायी चालून तो वर्षभर आला होता, ते याच स्पर्धेसाठी. त्यानं दादाभाऊला विचारलं, की रक्तदाबाच्या गोळ्या तर अर्धं गाव खातं, मग त्यानं एकट्यानंच एवढं धुतल्या तांदळासारखं व्हायचं कारण काय.

दादाभाऊ शांतपणे म्हणाला, "आरं, मला बी खेळायचंच व्हतं. पन तिथं उभा ऱ्हाईल तो मी नसंन."

कुंडलिकनं आपलं पिस्तूल पेटीत टाकलं. त्या दिवशी तो लवकरच्या गाडीनं निघून गेला.

संघाचं नाव मागं घेतलं गेलं. धर्माजींनी हसून सोडून दिलं. कुंडलिकचं नाव तेजस्विनीनं एकट्यानं खेळणाऱ्यांत घातलं, पण त्याच्या पिस्तुलाच्या टाकीतून हवा गळत होती आणि दुरुस्तीला दिलेलं स्पर्धेआधी परत येणार नव्हतं. दादाभाऊनं हे धर्माजींकडून ऐकलं. मधल्या वारी रजा टाकून, तो दोन एसट्या बदलत तळेघरला गेला. कुंडलिक खाचरात होता. चिखलाचे पाय घेऊनच तो बांधावर आला.

दादाभाऊनं आपल्या पिस्तुलाची पेटी उघडली. "हात दाव," म्हणाला.

कुंडलिकचा पंजा मोठा, बोटं लांब. मूठ त्याच्या हातात रुतत होती. दादाभाऊनं पिशवीतून कानस काढली आणि कुंडलिकच्या घरी जाऊन ओटीवर बसून तळव्याखालची पुट्टी घासायला लागला. कुंडलिकनं एकदा त्याचं मनगट धरलं, "ऱ्हाऊ द्या राव, परत बसायची न्हाई तुमच्या हाताला," म्हणाला. दादाभाऊनं हात सोडवून घेतला आणि घासत राहिला. महिनोन्महिने भरलेला खळगा दुपारपर्यंत सपाट झाला. मधून मधून तो कुंडलिकला डोळे मिटून हात उचलायला लावायचा आणि माशी कुठं दिसते ते विचारायचा. कुंडलिकच्या बायकोनं नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. निघताना कुंडलिक त्याला फाट्यापर्यंत सोडायला आला आणि गाडी येईपर्यंत थांबला.

पुण्याला दादाभाऊ गेला, पण मागच्या खुर्च्यांत बसायला. कुंडलिकनं सुरुवात वाईट केली, मग सावरला. त्याचा क्रमांक मधेच कुठंतरी लागला. तिथं खेळलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही तपासणीसाठी बोलावलं गेलं नाही. परतीच्या गाडीत तेजस्विनीनं आरशातून मागं पाहिलं, तर दोघंही तोंड उघडं टाकून झोपले होते.

दादाभाऊ आता येणार नाही, असं तिला वाटलं होतं. रविवारी तो नेहमीसारखा आला. बूट बदलले, टोपीला पट्टी लावली, डावा हात पट्ट्यात खोवला. क्लबचं पिस्तूल घेऊन तो आपल्या जागेवर गेला. त्यानं तारेला कार्ड लावलं तेव्हा तेजस्विनीला वाटलं, याचं लक्ष नाही, त्यानं ते उलटं लावलंय. ती सांगायला पुढं झाली आणि मग थांबली.

कार्ड तारेवरून सरकत दहा मीटरवर जाऊन उभं राहिलं. कोरी बाजू पुढं होती. त्यावर गोल नव्हता, आकडे नव्हते, मोजायचं काही नव्हतं. दादाभाऊनं श्वास सोडला आणि हात उचलला. माशी खाचेत येऊन थांबली.