काजळीआड लपलेला मी

मी एक म्हातारा तारा बोलतोय. रंगाने लाल, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. तोंड वर करून बोलायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

तरुणपणी मी नीट, एकसारखा जळत होतो. पोटातलं इंधन सरत आलं तसा फुगलो, धापा टाकू लागलो. आत खोल शिजलेला कार्बन ढवळून वर आला आणि अंगाबाहेरच्या गारव्यात त्याची काजळी धरू लागली. माझाच उजेड त्या काजळीला दूर ढकलतो, आणि जाताना ती वायूलाही ओढून नेते. असा वारा सुटलाय माझ्या अंगावरून. रोज थोडा थोडा सांडतो मी. आवरता येत नाही.

एक घड्याळजी दुकान बंद केलं की दुर्बीण घेऊन गच्चीवर यायचा. शेजारच्या दोन ताऱ्यांशी मला ताडून पाहायचा आणि माझ्या तेजाचा आकडा पेन्सिलीने वहीत लिहायचा. एकवीस वर्षं, न चुकता.

मग माझ्या काजळीचा मोठा लोट उठला आणि मी झाकला गेलो. माझा उजेड पृथ्वीवर पोचायला शेकडो वर्षं लागतात; तो लोट सुटला तेव्हा घड्याळजीचा खापरपणजोबाही जन्मला नव्हता. पण काळोखी पोचली ती नेमकी त्याच्या गच्चीवर.

त्याने दुर्बीण पुसली, चष्मा पुसला. मी दिसेना. शेजारचे दोघं दिसत होते, पण त्याला वाटलं, माझा बारीक लाल ठिपका टिपण्याइतके डोळे आता राहिले नाहीत. आणि डोळ्यांवरच तर त्याचं पोट! कुणाला कळू नये म्हणून त्याने वहीत जुनाच आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशीही तोच. दुकानात "हात थरथरतो हो" म्हणत गिऱ्हाइकं परत पाठवू लागला.

तीन आठवड्यांनी त्याची मुलगी गच्चीवर आली.

"बाबा, एकही घड्याळ उघडलं नाहीत तुम्ही. काय झालंय?"

त्याने दुर्बीण तिच्या हातात दिली. "त्या दोघांच्या मधे लाल दिसतोय का बघ."

"दोघं दिसतायत. मधे काही नाही. तुमचा लाडका पळाला वाटतं!"

"नीट बघ गं."

"नीटच बघतेय. डोळे चांगलेत माझे."

तो हसला. मग त्याने वही उघडली. "मग इतके दिवस वहीत मी कुणाचा आकडा लिहिला?"

त्याने काही खोडरबराने पुसलं नाही. एकेका आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'दिसला नव्हता. मी खोटं लिहिलं.' सकाळी दुकानात पहिलं घड्याळ उघडलं.

रेघा मारताना त्याची मान खाली होती. माझीही. इतक्या सरळ माणसाला मी खोटं लिहायला लावलं. त्या पेन्सिलीची काळी रेघही कार्बनच. माझ्यासारख्याच कुणा म्हाताऱ्याने कधीकाळी सांडलेला.

मी असाच सरत जाईन. शेवटी मधला पांढरा गाभा तेवढा उरेल. तोवर घड्याळजी, एवढं करा. मी दिसलो नाही, तर 'दिसला नाही' असंच लिहा. तुमचे डोळे चांगले आहेत.