टापटिपीचं काम

जावई टापटिपीचा होता. मिस्त्रीच्या मते त्याच्यात तेवढा एकच गुण होता आणि तोही नसता तरी कुणाचं काही अडलं नसतं. गाड्यांचं वायरिंग करायला भांग नीट पाडावा लागत नाही. पण मुलीने टुमणं लावलं होतं, "बाबा, दुकान आता त्यांच्यावर सोपवा." मिस्त्रीला जिवात जीव असेपर्यंत दुकान सोडायचं नव्हतं, आणि या गुळगुळीत बिनडोकाकडे तर मुळीच नाही.

अशात एक निळी गाडी आली. ड्रायव्हरच्या दाराची काच हलत नव्हती. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. दार उघडलं की त्या ताणल्या जातात, म्हणून आत थोड्या सैल सोडाव्या लागतात. जावयाने तुटलेली वायर जोडली, जास्तीची कापून टाकली आणि वर गुळगुळीत टेप गुंडाळली.

"बघा मामा, किती नीट बसली."

मिस्त्रीने पाहिलं. वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ होती. महिनाभरात तुटणार. एका शब्दाने काम भागलं असतं. त्याने तो शब्द गिळला.

"वा, जावईबापू. लावून टाका नळी."

तुटू दे. गिऱ्हाईक भर दुकानात याची खरडपट्टी काढेल, मुलगी आपल्या कानांनी ऐकेल आणि तिचं टुमणं एकदाचं बंद होईल. या विचाराने मिस्त्रीला त्या रात्री छान झोप लागली.

गिऱ्हाईक काही परत आलं नाही. महिन्याभराने आला तो समोरच्या दुकानातला वायरवाला, ज्याला मिस्त्रीने आजवर हिशेबात धरलं नव्हतं. त्याच्या हातात तुटलेली वायर होती. मुलगी डबा घेऊन नुकतीच आली होती, जावईही तिथेच होता.

"रागावू नका, मिस्त्री," वायरवाला हलक्या आवाजात म्हणाला. "निळ्या गाडीवाला माझ्याकडे आला. तुमच्या नावाने बोटं मोडत होता. मीच समजूत घातली, म्हटलं, वय झालंय, दिसत नसेल."

मिस्त्रीने जावयाकडे बोट दाखवायला टेस्टर धरलेला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. काम याचं, पण मी पाहून गप्प बसलो, असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"बाबा, दिसत नव्हतं तर सांगायचं ना," मुलीचे डोळे भरून आले.

जावयाने हळूच, अगदी आदराने, मिस्त्रीच्या हातातला टेस्टर काढून घेतला.